गोठ्याचा उंबरा

ज्या मळ्यात कडूचा जन्म झाला, तोच मळा वीत वीत खरवडायचं काम वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्याच्या वाट्याला आलं. नशीब म्हणा, नाहीतर तृप्ती मॅडमची नजर म्हणा. मजुरांच्या घोळक्यातून त्यांनी नेमकं त्यालाच पुढे बोलावलं, त्याचे हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "मामा, केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पील मुळाला धक्का न लावता काढता येतं का?"

"त्यात काय मोठं? लेकरू उचलल्यावानी उचलतो," कडू म्हणाला, आणि त्याच दिवशी खुरपी नि ब्रश त्याच्या हातात आले.

मळा गिरधर पाटलांचा. तापीच्या काठाला, जैनाबादेत. पाटलांच्या आधी तो कोणाचा होता हे खुद्द पाटलांनाही ठाऊक नव्हतं. पाटील जाऊन वर्षं झाली. नातू विपुल याने केळी उपटली, चिंचा पाडल्या, झाड म्हणून औषधालाही ठेवलं नाही आणि फाटकावर बोर्ड लावला, 'गिरधर ग्रीन्स'. तिथे आता दीडशे घरं होणार होती. पण जेसीबीने जमीन सपाट करताना गोठ्याच्या पायातून हाताच्या पंजाएवढ्या पातळ विटा निघाल्या, चुन्याची फरशी निघाली, मातीचे पाण्याचे नळ निघाले. मोगलांच्या काळची इमारत असावी म्हणून कोणीतरी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला, काम थांबलं, आणि वरून पंधरा दिवसांची मुदत मिळाली. जुनं काय असेल ते बघा, मापं घ्या, फोटो काढा, मग घरं बांधा. त्या पंधरा दिवसांसाठी तृप्ती मॅडम भोपाळहून आल्या होत्या. मूळच्या जळगावच्या, म्हणून बोलायला सोप्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना उन्हात उभं करून एक गोष्ट बजावली. "काही सापडलं की हात आखडायचा. वस्तू जागची हलवायची नाही. ती कुठे पडली आहे, कशाच्या शेजारी पडली आहे, यावरून आम्हाला तिचं वय कळतं. तुम्ही उचलून माझ्या हातात दिलीत, तर मग मला काहीच सांगता येत नाही. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कडूने जरा जास्तच जोरात डोलावली. आपल्याला निवडून घेतलं याचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान चढला की माणूस मान जोरातच हलवतो.

कडूचा बाप दगा याच मळ्यात सालदार होता. वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. अबोल माणूस, बैलांशी बोलायचा तेवढंच. त्याची एक खोड सगळ्या जैनाबादला ठाऊक होती. पहाटे म्हशीची धार काढली की चमचाभर दूध तो गोठ्याच्या उंबऱ्यावर सांडायचा, मगच चरवी उचलायचा. त्या दगडी उंबऱ्यावर कोणाला बसू द्यायचा नाही. लहानपणी कडू एकदा तिथे बसून भाकर खात होता, तर बापाने बखोट धरून उठवलं होतं. लोक म्हणत, दगाची लक्ष्मीवर फार भक्ती. गिरधर पाटील हसून म्हणत, "सांडू दे रे चमचाभर, म्हैस त्याच्यावर खूश हाय."

माय मालूबाई तीस वर्षं त्याच गोठ्यात शेण काढायला जायची. आता तिचं वय पंच्याऐंशीच्या घरात, दिसायचं कमी, पण कान तिखट. कडूच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. बारशानंतर सहाव्या दिवशी गेला. बाप्यांनी त्याला फडक्यात गुंडाळून नेलं. कुठे नेलं ते बाईला सांगायचं नाही, ही तिकडची रीत. सांगितलं तर बाई तिथेच जाऊन बसते, आणि मांडी पुन्हा भरत नाही म्हणतात. मालूबाईने फार धोशा लावला तेव्हा दगा एकदाच बोलला, "तापीले देला." झालं. तेव्हापासून दरवर्षी फाल्गुनी अमावास्येला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, माय तांब्याभर दूध घेऊन नदीवर जायची आणि पाण्यात सोडून यायची. पासष्ट वर्षांत एकही अमावास्या चुकली नाही. गुडघे गेल्यापासून कडूच तिला हाताला धरून न्यायचा.

त्या पोराचं नाव मात्र तिने कधी उच्चारलं नाही. दुसरा झाला तेव्हा त्याला नजर लागू नये, वरच्याने परत मागू नये, म्हणून त्याचं नाव कडू ठेवलं. कडू जिन्नस कोण मागतो? चांगलं नाव ठेवलेला गेला, आणि हा बासष्ट वर्षं टिकला. शाळेत पोरांनी चिडवलं, लग्नात नवरीच्या, सविताच्या, मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. कडूने ते सगळं सोसलं, कारण आपण कोणाच्या तरी जागी आलोय हे त्याला फार लवकर कळलं होतं.

नवव्या दिवशी गोठ्याचा उंबरा उचलायचा ठरला.

उचलण्याआधी मॅडम आणि विपुल यांची फाटकाशी बोलाचाली झाली ती कडूने ऐकली. विपुल म्हणत होता, "मॅडम, विटा-बिटा ठीक आहे, लेकिन उद्या इथे कोणाची हड्डी निकली तर पुलिस, पंचनामा, सब चक्कर होईल. माझे लोक बुकिंग कॅन्सल करतील."

"अलीकडचं असेल तर पोलिसांना कळवावंच लागेल," मॅडम म्हणाल्या. "पण इमारतीच्या काळातलं जुनं दफन निघालं, तर गोष्ट वेगळी. मी वर लिहीन. एवढा तुकडा राखून ठेवा म्हणेन. कदाचित ऐकतील."

कडूने ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याला काय माहीत, अर्ध्या तासात ते त्याच्याच अंगावर येणार आहे.

चौघांनी मिळून पहारींनी उंबरा सरकवला. खाली चुन्याची फरशी फोडून केलेला एक गोल खड्डा दिसला. आत मडकं. त्याच्या तोंडावर दुसरं मडकं पालथं घातलेलं. मॅडम पुढे धावल्या. त्यांनी फोटो काढले, मापं घेतली, मग वरचं मडकं कडूच्या हातांनीच, लेकरू उचलल्यावानी, उचलवून घेतलं. आत बसलेली माती. "ब्रशने मामा, फक्त ब्रशने," असं सांगून त्या कॅमेऱ्याची बॅटरी आणायला गाडीकडे गेल्या. बाकीचे पाणी प्यायला सावलीला गेले.

कडू एकटा गुडघ्यावर बसून माती झाडत राहिला. आधी एक बारीक बरगडी दिसली. काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडी मोठी. मग दुसरी. मग त्यांच्याखाली काहीतरी हिरवट गोल. ब्रश फिरवला तर मधे भोक असलेला तांब्याचा पैसा, आणि भोकात काळ्या दोऱ्याचा कुजलेला तुकडा. कडेला कानशीने पाडलेल्या तीन खाचा.

कडूचा हात आपोआप स्वतःच्या कमरेला गेला. त्याच्या करदोड्यात असाच पैसा होता. बासष्ट वर्षं होता. तशाच तीन खाचा. मायच्या बापाने लेकीच्या लग्नात असे दोनच पैसे खाचा पाडून दिले होते, होणाऱ्या पोरांच्या कमरेला बांधायला. एक कडूच्या कमरेला होता. दुसरा गेला, एवढंच माय सांगायची.

तापीले देला म्हणे. बापाने तापीला काहीच दिलं नव्हतं. पोरगं इथे होतं, रोज पहाटे ज्या उंबऱ्यावर बाप दूध सांडायचा त्याच्या खाली. कडू वाकून त्या बरगड्यांकडे बघत राहिला. हा आपला भाऊ. बासष्ट वर्षांचा म्हातारा आपण, आणि हा थोरला, अठरा दिवसांचा.

आणि मग त्याला फाटकाशी ऐकलेलं आठवलं. अलीकडचं असेल तर पोलीस. जुनं असेल तर जागा राखतील. पैसा तिथे राहिला तर मॅडम एका नजरेत ओळखतील की हे काही मोगलांच्या काळातलं नाही. पोलीस येतील, गोणीत भरतील, कुठे नेतील देव जाणे. पैसा नसला तर? तर हे लेकरू चारशे वर्षांचं होईल. त्याच्याभोवती कुंपण पडेल. मायला इथे आणून बसवता येईल, दर फाल्गुनी अमावास्येला, ती आहे तोवर.

मॅडमची पावलं वाजली. कडूने दोन बोटांनी पैसा उचलला आणि घाईने बनियनच्या खिशात घातला. आयुष्यात कोणाच्या बागेतलं केळं न विचारता तोडलं नव्हतं त्याने. पहिली चोरी केली ती सख्ख्या भावाची.

मॅडम आनंदाने हरखून गेल्या होत्या. खड्ड्याशेजारी बसून त्या सगळ्यांना समजावून सांगू लागल्या. "जुन्या काळी लोक तान्हं मूल असं उंबऱ्याखाली ठेवायचे. आई रोज त्यावरून ये-जा करते ना, मग ते पुन्हा तिच्याच पोटी येतं, असा समज होता."

मजूर "अरे बाप रे" करत ऐकत होते. कडू खाली मान घालून ऐकत होता. ती जुन्या काळची माणसं त्याच्याच घरातली होती, आणि आई रोज ओलांडून गेली होती, आणि तीन वर्षांनी तिच्या पोटी कोण आलं होतं ते तिथे गुडघ्यावर बसलं होतं.

नंतरचं सगळं फार भराभर झालं. पेपरात फोटो आला. बघ्यांची रीघ लागली. एक बाई नारळ घेऊन आली. घरी सविता म्हणाली, "तुमचाच हात दिसतो फोटोत." माय कोपऱ्यातून म्हणाली, "कोनाचं व्हतं रे लेकरू?" कडू म्हणाला, "जुनं हाय माय, फार जुनं." जागा वाचली की मग सांगू, कुंपण पडलं की मग सांगू, असं तो मनाशी घोकत होता.

अकराव्या दिवशी पेटी भोपाळला गेली. हाडं तिथेच राहतील असं कडूला वाटलं होतं. हाडं तपासायला न्यावी लागतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. मडक्यांसकट सगळं कापसात बसवून, खोक्यात घालून, वर नंबर टाकून गाडीत चढवलं. खोकं धरायला कडूच होता. ते इतकं हलकं होतं की गाडीत ठेवल्यावरही त्याचे हात तसेच पुढे राहिले.

चौदाव्या दिवशी पत्र आलं. नोंद पूर्ण झाली, अवशेष सुरक्षित हलवले, आता जागा राखायचं कारण उरलं नाही, बांधकामाला हरकत नाही. विपुलने सगळ्यांना पेढे वाटले. "कडूभाऊ, टेन्शन खतम! परवा पाडव्याला भूमिपूजन, आना जरूर."

कडूने पेढा हातात धरला आणि तसाच मॅडमच्या तंबूत गेला. पेढ्याशेजारी पैसा ठेवला. मग करदोडा वर ओढून आपलाही दाखवला. एका दमात सगळं सांगितलं, मधे थांबला असता तर पुढे बोलू शकला नसता.

मॅडमनी वाकून दोन्ही पैशांच्या खाचा मोजल्या. मग त्यांचा आवाज चढला. "मामा, मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? हा पैसा तिथे असता तर मी त्याच दिवशी ओळखलं असतं. तुम्हाला बोलावलं असतं, तुमच्या आईला बोलावलं असतं. पोलिसांचा कागद झाला असता, आणि तुमचं लेकरू तुमच्या हातात दिलं असतं. आता हा तुमच्या खिशातून निघालेला पैसा मी कुठे लिहू? माझा अहवाल गेला. कोण मानेल?"

"मंग आता?"

"आता मी पुन्हा लिहीन. लिहीनच. पण तपासण्या, पत्रं, सह्या. वर्ष जाईल, दोन जातील." त्यांनी डोळे पुसले, वही उघडली, शेरा लिहायच्या रकान्यात पेन टेकवला. "त्याचं नाव सांगा. निदान नाव तरी लिहून ठेवते."

सख्ख्या भावाचं नाव कडूला माहीत नव्हतं. मॅडमनी तो रकाना तसाच सोडला.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. सकाळीच माय लुगडं नेसून, दुधाचा तांब्या पदराखाली धरून ओट्यावर बसली होती. कडूने तिचा हात धरला, आणि नदीचा रस्ता सोडून मळ्याचा धरला. दिसत नसलं तरी पायांना रस्ता ठाऊक होता. "इकडं कुठी नेतो रे? नदी तिकडं ऱ्हायली."

"चाल माय. सांगतो."

मळ्यात कोणी नव्हतं. मॅडमचे तंबू उतरले होते, जेसीबी फाटकाशी उभा होता. उंबऱ्याचा दगड एका बाजूला पडला होता. कडूने मायला त्याच्यावर बसवलं नाही, शेजारी मातीवर बसवलं. तिच्या मुठीत पैसा ठेवला.

मालूबाईने तो अंगठ्याने चाचपला. भोक. मग कड. एक खाच, दोन, तीन. मग तिने कडूच्या कमरेला हात घातला, त्याचा पैसा तिथेच होता. तेव्हा तिचा चेहरा असा झाला की कडूने नजर फिरवली.

"कुठी सापडला?"

"इथं. उंबऱ्याखाले. तापीले नव्हता देला बापानं."

मायने पैसा मुठीत आवळला. मग हळूहळू, एकेक शब्द वेचत बोलू लागली. "इथं? म्या तीस वर्सं इथून शेन काढलं. डोक्यावर पाटी घेऊन रोज त्याच्यावरून गेले. म्या पाय देला त्याच्यावर?" आणि थोड्या वेळाने, "तुझा बाप दूध सांडे रोज. म्या भांडले त्याच्याशी, नासाडी करता म्हनून." तिने पदर तोंडात कोंबला. "बाप पाजत व्हता त्याले. म्हंजे उपाशी नव्हतं माझं लेकरू. म्या तिकडं पान्यात ओतत व्हते, अन हा इथं पाजत व्हता. सांगितलं असतं तर मीच पाजलं असतं ना रे."

ती रडली. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला जेवढं रडता येतं तेवढं रडली, ते फार नसतं. मग डोळे पुसून तिने तांब्यावरचा पदर काढला. "दाखव मले. कुठशी हाय, माझा हात ठेव."

हाच क्षण कडू सहा दिवस चुकवत आला होता. हो म्हणून तिचा हात रिकाम्या खड्ड्यातल्या मातीवर ठेवला असता तर तिला कळलंही नसतं. पण याच मळ्यात एका माणसाने तिला एकदा खोटं सांगितलं होतं आणि तिने पासष्ट वर्षं नदीला दूध पाजलं होतं. कडूने सगळं सांगितलं. पैसा उचलला ते, कशासाठी उचलला ते, पेटी, भोपाळ, नंबर.

मालूबाईने हात उगारून त्याच्या दंडावर मारला. पुन्हा मारला. मारात काही जोर नव्हता. "तुले कोनी सांगितलं व्हतं? माझं व्हतं ना ते! म्या एकदा हात लावला असता. एकदा!"

"चुकलं माय."

"म्या जिथी जाते तिथून तो गेलेलाच ऱ्हातो," ती म्हणाली. ऊन वर आलं. तांब्या तिच्या मांडीत तसाच भरलेला. नदीत तो नव्हताच, खड्ड्यात आता नव्हता, आणि भोपाळ कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं.

"बापानं इथंच कसाले ठेवला असंन?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

कडूने मॅडमनी सांगितलं होतं तेच सांगितलं. आई ओलांडून गेली म्हणजे ते पुन्हा तिच्याच पोटी येतं, असं पहिलेचे लोक मानत.

मालूबाईने मान वळवली. तिचा हात कडूच्या चेहऱ्यावर आला. कपाळ, पांढऱ्या भुवया, पडलेले दात, गालावरचे खुंट. आंधळ्या माणसाने घर ओळखावं तसं तिने सगळं चाचपलं. मग तांब्या उचलून त्याच्या ओठांशी धरला.

"पी, चिंतामण," माय म्हणाली.

ते नाव त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. उद्या मॅडमना फोन करून तो रकाना भरायला सांगायचं होतं. पण आत्ता त्याने दोन्ही हातांनी तांब्या धरला, तिचे हात आपल्या हातांखाली तसेच राहू दिले, आणि प्यायला लागला. दूध उन्हाने कोमट झालं होतं. माय तांब्या तिरपा करत राहिली, तो संपेपर्यंत.